दीवला दोन दिवस : किल्ला सोडून जुनं काय काय पाहता येईल?

गोदाकाठ विचारतात :

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोमनाथला जातोय. दर्शन झालं की कोडीनार-ऊना मार्गे दीव गाठायचं आणि दोन रात्री तिथे राहायचं, एवढं ठरलंय. बरोबर आई आहे, वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण "मी बसते खाली, तुम्ही या जाऊन" हे वाक्य तिच्या तोंडून निघणार नाही. आणि मुलगी, सातवीत. ती दर दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करते, आणि आळीव उगवेपर्यंत कुणाला जवळ फिरकू देत नाही. तिला खराखुरा खंदकवाला, समुद्रातला किल्ला बघायचाय. ही सगळी सहल तिच्याच हट्टावर दीवपर्यंत लांबली.

ऑफिसात विचारलं तर दीवचं नाव काढल्याबरोबर दोघांनी डोळे मिचकावले आणि तिसऱ्याने बाटल्यांचे भाव सांगितले. मला ते नकोय. जुनं, इतिहासातलं काय आहे? कुठे आईला नेता येईल? कुठली गोष्ट दहा मिनिटांची आणि कुठे अर्धा दिवस द्यावा? फोटोंच्या साइट्सवर सगळंच 'अवश्य पाहावे' असतं, म्हणून इथे विचारतोय.

---

घाटातला_ट्रक :

दोन रात्री जास्त होतात. किल्ला एक तास, चर्च दहा मिनिटं, मग नागव्याच्या बीचवर पाय सोडून बसा. शनिवार-रविवार मात्र टाळा. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अर्धं सौराष्ट्र तिथे उतरतं. आणि परतताना 'आठवण' म्हणून काही डिकीत टाकू नका, नाक्यावर गाडी उघडून बघतात.

---

गिरीजची_माहेरवाशीण :

चर्चला दहा मिनिटं! ट्रकभाऊ, तुम्हाला लांबूनच नमस्कार.

गोदाकाठ, मी वसईची. नवरा बँकेत होता. १९९६ साली त्याची बदली दीवला झाली तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. नकाशात बोट ठेवायलाही जागा नाही, अशा ठिकाणी जायचं म्हणजे काय. तीन वर्षं राहिलो आणि निघताना पुन्हा रडले, त्यामुळे माझं मत थोडं घरचं समजा.

पहिल्याच रविवारी मिस्सेला सेंट पॉल चर्चमध्ये गेले. आत शिरले, वर बघितलं आणि तशीच उभी राहिले, मागून लोक "पुढे व्हा" म्हणेपर्यंत. त्याचं कारण वसईकरांनाच कळेल. आम्ही वसईच्या किल्ल्यात लपाछपी खेळत वाढलो. तिथे चर्चच्या भिंती आहेत, कमानी आहेत, दारावरची नक्षी आहे आणि वर आभाळ. पिंपळाची मुळं भिंतीतून खाली आलेली. लहानपणी मला खरंच वाटायचं, पोर्तुगीज लोक चर्चला छप्पर घालतच नसत. दीवला पहिल्यांदा तीच भिंत, तीच कमान छपरासकट बघितली, खाली बाक, समोर लाकडी कोरीवकामाची वेदी, आणि तिच्यापुढे माणसं गुडघे टेकून बसलेली.

हे उगाच सांगत नाही, याला इतिहास आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने पोर्तुगिजांच्या जवळ सरकला. १५३४ च्या डिसेंबरात त्याने वसई त्यांना दिली (मुंबईची बेटंही त्याच करारात गेली) आणि १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. म्हणजे वसई आणि दीव एकाच माणसाच्या एकाच अडचणीतून गेलेले. पुढे १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथलं पोर्तुगीज गाव ओस पडलं. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं, सव्वाचारशे वर्षं. म्हणून मी आमच्याकडच्या सगळ्यांना सांगते, वसईचा किल्ला बघितला असेल तर दीवला जा. तिथे काय पडलंय, ते इथे उभं आहे.

सेंट पॉल जेझुइटांनी बांधलं, १६०१ ला काम सुरू झालं आणि १६१० ला पुरं झालं. दर्शनी भिंतीवर शंख, वेली, गोल गोल वळणं. आत लाकूडकाम बघायला बसावं लागतं, उभ्याने दिसत नाही. आईंना तिथे बाकावर अर्धा तास बसवा. बाहेर ऊन असलं तरी आत गार असतं, आणि मिस्सा नसेल तर इतकं शांत की कबुतरांचे पंख ऐकू येतात.

आता क्रम सांगते, कारण दीवला क्रम चुकला की मजा जाते.

पहिल्या दिवशी सकाळी, किल्ला उघडल्या उघडल्या आत शिरा. नऊनंतर तिथला दगड तापतो आणि सावली म्हणून काही नाही. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला खडक फोडून केलेला खंदक, भरतीचं पाणी त्यात यायचं. मुलीला पुलावर थांबवून खाली बघायला सांगा. दिवाळीच्या किल्ल्यात खंदक आपण नंतर बोटाने ओढतो. इथे खंदकातून निघालेलाच दगड भिंतीला गेला असणार, असं माझा नवरा म्हणायचा. आत तोफा लोळत पडल्यात, दीपगृह आहे, बुरुजांवर जायला चढ आहे. आईंना वरपर्यंत नेऊ नका. समुद्राकडच्या तटाजवळ खालीच बसवा, तिथून पाणकोठा, म्हणजे भर पाण्यातला छोटा किल्ला, समोर दिसतो.

या किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. १५३८ ला गुजरातचा सरदार खोजा सफर आणि तुर्कांचं आरमार घेऊन आलेला सुलेमान पाशा. १५४६ ला पुन्हा खोजा सफर, तो त्याच वेढ्यात मेला. दुसऱ्या वेळी आतल्या लोकांची अगदी शेवटची धुगधुगी उरली होती, तेव्हा गोव्याहून पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो आरमार घेऊन पोचला आणि वेढा मोडला. पण भिंती जमीनदोस्त. पुन्हा बांधायला पैसा नाही. तर या गव्हर्नराने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून काय पाठवलं, तर स्वतःच्या दाढीचे केस! लोकांनी पैसे दिले आणि केस मानाने परत केले, अशी गोष्ट सांगतात. आमचे साहेब कर्जखात्यात. त्यांना ही गोष्ट इतकी आवडायची की घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला किल्ल्यावर नेऊन ऐकवायचे, आणि शेवटी "आमच्याकडे सात-बारा आणूनही लोक बुडवतात" हे ठरलेलं वाक्य.

दुपारी घरात झोपा. चार वाजता गावात चाला. गाव म्हणजे मुख्यतः पूर्वेचा किल्ला आणि पश्चिमेचा कोट यांच्या मधली चिंचोळी जागा. कोटाला झांपा दरवाजा आहे, त्यावर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेत. सिंह बघून माझा मुलगा खदखदून हसायचा, कारण त्यांचे चेहरे शेजारच्या काकांसारखे आहेत. नगरशेठची हवेली गल्ल्यांत लपलेली आहे, विचारत विचारत जावं लागतं, आणि ते विचारणंच खरं फिरणं. रंग उडालेल्या खिडक्या, दारावर गणपती आणि वर पोर्तुगीज धाटणीचा सज्जा, असं एकाच घरावर दिसेल.

आणि कुलुपं बघा. आमच्या गल्लीत सातातली चार घरं बंद होती. १९६१ पर्यंत दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्यामुळे कुणी लिस्बनला, कुणी तिथून पुढे इंग्लंडात, लेस्टरला. त्याआधीच्या पिढ्या मोझांबिकला जायच्या. समोरच्या आजींचा मुलगा लिस्बनला, नातू लेस्टरला, आणि आजी रोज संध्याकाळी दोन बंद घरांच्या ओट्यांवर झाडू मारायच्या. "घरवाळा आवशे तो धूळ जोशे?" म्हणायच्या, घरवाले आले तर धूळ बघतील का म्हणून.

बाकी दोन चर्चपैकी सेंट थॉमस (१५९८) आता संग्रहालय आहे, संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती तिथे ठेवल्यात. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी (१५९३) मध्ये दवाखाना झाला होता. माझ्या धाकट्याचा ताप तिथेच उतरला, म्हणून त्या इमारतीबद्दल मी तटस्थपणे काही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशीचं नंतर लिहिते, गॅसवर काहीतरी आहे.

---

जुना_नौसैनिक :

डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणता, तर ९ तारीख लक्षात ठेवा. १९७१ साली त्या रात्री दीवच्या समोरच्या समुद्रात आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. आपलं लाइफ जॅकेट त्यांनी दुसऱ्याला दिलं, हे वाचलेल्या लोकांनी सांगितलेलं आहे. मरणोत्तर महावीर चक्र.

चक्रतीर्थाच्या किनाऱ्यावर टेकाडावर स्मारक आहे. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, तोंड समुद्राकडे. बघायला पंधरा मिनिटं लागतात. सूर्यास्ताला तिथे सेल्फीवाल्यांची गर्दी होते, सकाळी जा.

त्याच नावाची दुसरी खुकरी माझगाव डॉकमध्ये बांधली, १९८९ ला नौदलात आली, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली. तीही आता दीवलाच आहे, संग्रहालय म्हणून. मुलीला जहाजावर चढवा.

---

गोदाकाठ :

माहेरवाशीणताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. तिचा निरोप : "त्या बाईंना सांग, गॅसवरचं झालं असेल तर पुढचं लिहा."

मुलीचे प्रश्न, तिच्याच शब्दांत : १) पाणकोठ्यात उतरता येतं का? २) किल्ल्यापर्यंत भुयार आहे म्हणतात, खरं का? ३) शाळेच्या पुस्तकात 'दीवची लढाई' आहे, ती किल्ल्यात कुठल्या जागी झाली?

नौसैनिक काका, ९ तारखेला आम्ही तिथेच असू. ठरवून नव्हतं.

---

गिरीजची_माहेरवाशीण :

झालं एकदाचं. खाली लागलंच थोडं.

मुलीचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तो छान आहे. ती लढाई किल्ल्यात झालीच नाही, किल्ला तेव्हा नव्हता. ३ फेब्रुवारी १५०९, बंदराच्या पाण्यात. एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं, गुजरातचं आणि कालिकतच्या झामोरिनचं आरमार. आणि हिची सुरुवात आपल्याकडची आहे! आदल्या वर्षी, १५०८ ला, आपल्या चौलच्या खाडीत याच इजिप्शियन आरमाराने पोर्तुगिजांना हरवलं. त्यात आल्मेदा व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बाप चिडून दीवपर्यंत आला. रेवदंड्याला गेलेल्या माणसाला चौलची खाडी माहीत असते, पण तिथून उडालेली ठिणगी दीवला पडली हे आपण शिकतच नाही. मग ती लढाई बघायची कुठे? जेटीवर उभं राहून पाण्याकडे. दुसरं काही उरलेलं नाही.

पाणकोठा : आम्ही बोटीने त्याला फेरी मारली होती, आत उतरलो नाही. मध्येच पाण्यात एक दगडी जहाज नांगरून ठेवल्यासारखा दिसतो. तुरुंग म्हणूनही वापरलाय. भुयाराबद्दल गावातलं प्रत्येक पोर छातीठोक सांगतं आणि एकानेही ते पाहिलेलं नाही. आपल्याकडच्या प्रत्येक किल्ल्याचं जसं, तसंच.

अजून एक. सगळ्यात मोठी 'दीवची तोफ' दीवला सापडणार नाही. बहादूरशहासाठी १५३३ ला ओतलेली, सहा मीटरहून लांब, वीस टनांची. ती लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे. गावातल्या माणसांसारखीच तीही तिकडे गेली.

आता दुसरा दिवस. सकाळी लवकर फुदम गावाजवळचं गंगेश्वर. आईंचं ठिकाण हे. समुद्राच्या काठाला खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापली अशी श्रद्धा. भरतीला लाटा येऊन त्यांच्यावरून जातात. पण वेळ बघून जा. पूर्ण भरतीत नुसतं पाणी दिसेल, ओहोटीत नुसते दगड. चढत्या भरतीत, पहिली लाट पिंडीला शिवते तेव्हा तिथे असायला हवं. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट करून भरती काढतात, पण तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, तिथे चालवू नका. तिथल्या कोळ्यांना नाहीतर पुजाऱ्याला विचारा. रोज साधारण पन्नास मिनिटांनी वेळ पुढे सरकते, म्हणजे आदल्या दिवशी विचारलं तरी चालतं. पायऱ्या ओल्या असतात, आईंचा हात सोडू नका.

तिथून नायडा गुंफा. नाव गुंफा, पण लेण्यांसारखं मूर्तिकाम शोधू नका. किल्ल्याच्या आणि गावच्या बांधकामाला इथला दगड काढला, तो काढता काढता पोकळी झाली. पिवळसर चुनखडक, नखाने ओरखडा पडेल इतका मऊ वाटतो. याच जातीचा पोरबंदरी दगड मुंबईच्या इंग्रजी जमान्यातल्या इमारतींना लावलाय. छपराला भोकं पडलीत, त्यातून उजेडाचे खांब खाली उतरतात आणि झाडांची मुळं लोंबतात. भिंतींवर छिन्नीचे घाव पायरीपायरीने दिसतात. मुलीला सांगा, काल भिंत पाहिलीस ना, ती इथून निघाली. म्हणूनच नायडा पहिल्या दिवशी करू नका असं म्हणते. अकरा-बाराच्या सुमाराला उजेड सरळ खाली येतो, तेव्हा सगळ्यात सुंदर. आत एक-दोन वळणं आईंना झेपतील, पुढे खालीवर आहे.

पारशी लोकही संजाणला यायच्या आधी दीवला उतरले आणि १९ वर्षं राहिले, असं त्यांच्या किस्सा-ए-संजाणमध्ये आहे. बेटावर त्यांचे जुने दख्मे, म्हणजे मृतदेह ठेवायचे मनोरे, आहेत. ते दुरूनच.

नागव्याला गेलात तर फांद्या फुटलेले ताड दिसतील, होका म्हणतात. ताडाला फांदी असू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. वाटेत शिंपल्यांचं एक छोटं संग्रहालय आहे, एका निवृत्त कप्तानाने आयुष्यभर बंदरोबंदरी जमवलेलं. मुलगी तासभर हलणार नाही. वणाकबारा बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. बोटी आणि सुकी मासळी. मला आवडायचं, पण वास सोसणार असेल तरच.

---

बखरबहाद्दर :

ताई, एक राहिलं. त्या बहादूरशहाला पोर्तुगिजांनी याच किल्ल्यात बोलावून दगा दिला आणि मारला. ती जागा दाखवतात का?

---

गिरीजची_माहेरवाशीण :

किल्ल्यात नाही हो. १५३७ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर नूनो द कुन्हाला भेटायला तो त्याच्या जहाजावर गेला होता. परतताना पाण्यातच चकमक झाली आणि त्यात मेला. दगा कुणी कुणाला दिला यावर पोर्तुगीज एक सांगतात, गुजरातचे इतिहासकार दुसरं. मला विचाराल तर दोघांनीही एकमेकांसाठी सुरी घासूनच ठेवली होती. गावात एक जण पैसे घेऊन 'ती जागा' दाखवायचा, दर महिन्याला वेगळी.

---

गोदाकाठ :

परवा परत आलो. उत्तर देणाऱ्यांना हिशेब द्यायला हवा म्हणून लिहितोय.

गंगेश्वरला पहिल्या दिवशी फजिती. हॉटेलवाल्याला वेळ विचारली, त्याने सहज काहीतरी सांगितली, आणि पोचलो तेव्हा पाचही पिंडी पाण्याखाली. आईने लाटांनाच नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांना विचारून गेलो. पहिली लाट नेमकी आमच्यासमोर शिवली. आई म्हणाली, "अभिषेक करायला इथे गुरुजी लागत नाही." पायऱ्या उतरताना तिने माझा हात सोडला नाही, आणि गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सेंट पॉलमध्ये ती दारात थांबली, चप्पल काढायची का म्हणून. तिथल्या एका बाईंनी राहू द्या म्हटलं, तरी हिने काढलीच. मग बाकावर बसली ती चांगली चाळीस मिनिटं. मी मध्ये दोनदा विचारलं, निघायचं का, तर हाताने गप्प केलं. बाहेर आल्यावर म्हणाली, वसईला कधी नेतोस.

९ तारखेला सकाळी खुकरीच्या स्मारकापाशी गेलो. नौसैनिक काका, फुलं ठेवली. मुलीने आकडे मोठ्याने वाचले, मग स्वतःशी बेरीज केली, "१९४," आणि नंतर गाडीत बराच वेळ बोलली नाही.

झांपा दरवाजावरचे सिंह मात्र खरंच आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखे आहेत. फोटो ग्रुपवर टाकायचा मोह आवरला.

नायडात अकरा वाजता होतो. मुलगी छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवत होती आणि एकदम म्हणाली, "म्हणजे किल्ला उचलून इकडे आणून ठेवला तर बसेल का?" मला उत्तर देता आलं नाही. ती आता त्यावर गणित करतेय.

दिवाळीला दहा महिने आहेत, पण आराखडा तयार आहे. या वेळी अंगणात दोन किल्ले, मध्ये पाणी. पाणकोठ्याला परात पुरेल की घमेलं घ्यावं, यावरून सध्या आजी-नातीत जुंपली आहे.